आधारप्रमाणे एकोणसाठ

मला दोन जन्मतारखा आहेत. एक आईला ठाऊक असलेली, बावीस ऑगस्ट १९६४. दुसरी सरकारला ठाऊक असलेली, एक जून १९६६. आमच्या पिढीतले एक जूनला जन्मलेले लोक मोजायला बसलात तर निम्मा महाराष्ट्र निघेल. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. माझी तारीख मात्र कोणी विसरलं नव्हतं. ती पूर्ण शुद्धीत, विचार करून बदलली गेली, आणि ते काम माझ्या वडिलांनी केलं.

वडील भंडाऱ्याकडून येऊन खडकीच्या कारखान्यात लागले होते. तिथल्या वसाहतीच्या हॉलमध्ये मी बाराव्या वर्षी पहिल्यांदा बॅडमिंटनची रॅकेट हातात धरली. ती कुणा साहेबाने टाकून दिलेली होती आणि तिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. पेठेतली पोरं सहाव्या वर्षापासून खेळायची. चौदाव्या वर्षी मला शहरातल्या एका मोठ्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा वडील पावशेर पेढे घेऊन तिथल्या कारकुनाला भेटायला गेले, आणि परत आले तेव्हा मी बारा वर्षांचा झालो होतो. "तुला रॅकेट उशिरा मिळाली," ते मला म्हणाले. "त्यातली दोन वर्षं मी परत घेतली." मला ते तेव्हा पटलं. खरं सांगायचं तर रागात असलो की अजूनही पटतं.

पंधरा वर्षांखालच्या गटात स्पर्धेच्या दिवशी सकाळी दाढी करून येणारा मी एकटाच होतो. वडील स्वतःच्या हाताने माझी मिशी काढायचे आणि वर पावडर चोपडायचे. त्याच गटात मला सलिल भेटला. सलिल घाटपांडे, जन्म फेब्रुवारी १९६५, दाखला अस्सल. म्हणजे तो माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. पण कागदावर तो मोठा होता, आणि खोटं बोलायचं तर अर्धवट बोलू नये असं वडिलांचं तत्त्व होतं. "त्याला दादा म्हणायचं," त्यांनी मला बजावलं. मी म्हणालो, आणि पंचेचाळीस वर्षं म्हणत राहिलो.

सलिल घरात एकुलता एक. त्याला दादा म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने हे दादापण फारच मनावर घेतलं. गाडीत खिडकी मला. सर ओरडले की "सर, माझी चूक" म्हणायला तो पुढे. आणि कोर्टवर मात्र तो मागे. दुहेरीतली गंमत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा खेळाडू जाळीपाशी उभा राहून नाजूक फटके मारतो आणि टाळ्या घेतो. मागचा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पळतो, उड्या मारतो आणि गुडघे घालवून घरी जातो. पहिल्याच दिवशी सलिल म्हणाला होता, "सुद्या, तू लहान आहेस. तू पुढे राहा, मागचं सगळं मी बघतो." मी सज्जनपणे पुढे जाऊन उभा राहिलो.

ऐंशीच्या सप्टेंबरात आम्ही राज्याचं पंधरा वर्षांखालचं विजेतेपद जिंकलं; वय एक जानेवारीचं धरायचे, म्हणून सलिलही त्यात बसायचा. फायनलला समोर विश्वजीत बेहेरे आणि त्याचा जोडीदार होते. तो जोडीदार बिचारा आता हयात नाही. विश्वजीत तेव्हा इतका हडकुळा होता की त्याच्या हातात रॅकेट जड वाटायची. "त्याच्या बॅकहँडवर मारा, दुसरीकडे कुठे बघू नका," असं सरांनी सांगितलं होतं. आम्ही दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

मग मोठे झाल्यावर तीन वर्षं लागोपाठ आम्ही दुहेरीत देशाचे विजेते होतो. दोनदा परदेशात गेलो. तिथे काय झालं ते कोणी विचारलं नाही तर मी सांगत नाही. मला टेलिफोन खात्यात नोकरी लागली, सलिलला बँकेत. नोकरी मी वेळेआधीच स्वखुशीने सोडली, तेव्हा खोट्या वयावर दोन वर्षं जादा खाल्ली असा आरोप निदान तो तरी करू नका. पुण्यात आमचे सत्कार पुष्कळ झाले. दुहेरीच्या खेळाडूंना सत्काराला बोलावताना आयोजकांनी हमखास एकच शाल आणलेली असते. ती आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून एकत्र पांघरायचो, आणि खाली उतरल्यावर सलिल ती माझ्या अंगावर टाकून निघून जायचा. आमच्या कोथरूडच्या घरात अशा अकरा शाली आहेत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण या वर्षी सलिलला साठ पूर्ण झाली आणि त्याच्या डॉक्टरांनी त्याला जानेवारीतली तारीख दिली. दोन्ही गुडघे बदलायचे. "त्याआधी डिसेंबरात ज्येष्ठांची राज्य स्पर्धा आहे," सलिल मला म्हणाला. "साठीच्या गटात. एकदा जिंकू आणि मग मी खुशाल आडवा होतो." मी म्हणालो, "दादा, पण माझी साठ कुठे झालीत?" तो म्हणाला, "तुला साठावं लागलंय ना जूनमध्ये? लागलं की चालतं." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी पुढे काही बोललो नाही.

अर्ज ऑनलाइन होता, म्हणून रविवारी आमच्या धम्मदीपला बसवलं. हा आमचा मुलगा, हिंजवडीला असतो, म्हणजे अर्धा वेळ कंपनीत आणि अर्धा वेळ तिथून परत येणाऱ्या बसमध्ये असतो. त्याने दोन मिनिटं खटखट केलं आणि हसायला लागला.

"बाबा, तुम्ही अंडरएज आहात."

"काय आहे?"

"एन्ट्रीच घेत नाहीये. थर्टी-फर्स्ट डिसेंबरला साठ कम्प्लीट लागतात. तुमचे होतायत फिफ्टी-नाइन आणि सात महिने. सो क्यूट. यू आर टू यंग."

मला राग लवकर येतो. हा दोष मी कबूल करतो. "कसलं यंग!" मी ओरडलो. "ऑगस्टमध्ये एकसष्ट पूर्ण झाली मला!"

न्हाणीघराचं दार उघडलं आणि राधा बाहेर आली. माझी बायको दर तिसऱ्या रविवारी केस रंगवते. त्या दिवशी तिचं डावीकडचं डोकं झालं होतं, उजवीकडचं व्हायचं होतं, आणि ब्रश हातात होता.

"किती पूर्ण झाली म्हणालात?"

राधाचा जन्म जुलै १९६५चा. लग्नात माझा दाखला पाहून तिच्या मावशीने तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं, की मुलगा अकरा महिन्यांनी लहान आहे, जपून राहा. तेहतीस वर्षं ही बाई स्वतःला थोरली समजत आली. तिने ही गोष्ट तिच्या मैत्रिणींपासून लपवली, माझ्या बहिणींपासून लपवली. फक्त माझ्यावर चिडली की 'अहो' सोडून सरळ 'अरे सुदर्शन'वर यायची, थोरलेपणाचा हक्क म्हणून. मी मुकाट ऐकून घ्यायचो.

आता मी सगळं सांगितलं. पेढे, कारकून, मिशी, सगळं. धम्मदीपने लॅपटॉप मिटला, कारण इथे जास्त चांगलं काही चालू होतं.

"म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा मोठे," राधा म्हणाली.

"अकरा महिन्यांनी."

"पंचवीस वर्षं मी हे डोक्याला थापतेय," ती ब्रश माझ्या नाकासमोर धरून म्हणाली. "नवऱ्याच्या शेजारी म्हातारी दिसू नये म्हणून. आणि तुम्ही खुशाल पांढरे होऊन शेजारी बसताय, 'अकाली पिकले' म्हणून सांगताय लोकांना!"

"तसं मी कधी—"

"माझ्या भावाच्या लग्नात सांगितलंत!"

ते खरं होतं. ती आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आली तेव्हा तिने ते काम कायमचं बंद केलं होतं. त्यामुळे डिसेंबरपर्यंत तिचे केस डावीकडे काळे आणि उजवीकडे मुळापाशी पांढरे राहिले. सोसायटीत कोणी विचारलं की ती नुसतं माझ्याकडे बोट दाखवायची.

त्या रात्री तिने माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "माझे केस गेले खड्ड्यात. सलिलभाऊजींचे गुडघे बघा आधी. त्यांना सांगितलंत का?"

"अजून नाही."

"मग उद्या सांगा."

सकाळी सहाला आम्ही हॉलवर भेटतो. खेळून झालं की सलिल बाकावर बसून गुडघ्यांना बाम चोळतो. मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं, म्हणून थांबलो नाही. सलिलचा हात गुडघ्यावर गोल गोल फिरत होता. तो हळूहळू मंदावला आणि मग थांबला.

"सहा महिन्यांनी मोठा," तो म्हणाला.

"साडेपाच."

"मी मागे आणि तू पुढे, हे कोणी ठरवलं होतं?"

"तू."

"कशावरून?"

"मी लहान म्हणून."

त्याने बामच्या बाटलीला झाकण लावलं. मग दोन्ही पाय समोर पसरले आणि गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "हे तुझे आहेत," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं तुझे गुडघे मी वापरलेत."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्हींपैकी काहीच करायची सोय नव्हती. मी म्हणालो, "दादा..." त्याने हात वर केला.

"ऐंशीची फायनल," तो म्हणाला. "ते पदक माझ्या आईने मरेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवलं होतं. विश्वजीतला हे माहितीय?"

"नाही."

"मग आधी त्याला जाऊन सांग. मला सांगणं सोपं होतं तुला. मी काय, दादाच आहे." तो उठला. बाहेर टपरीवर त्याने चहा घेतला आणि पैसे दिले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने फक्त स्वतःच्या चहाचे पैसे दिले होते.

विश्वजीत बेहेरे ज्येष्ठांच्या मंडळाचा सचिव आहे. म्हणजे ज्याला फसवलं होतं त्याच्याच हातात आमचा अर्ज होता. एकदा वाटलं की नकोच जायला, सलिलचा राग चार दिवसांत निवळेल. पण तो निवळणारा नव्हता हे मला ठाऊक होतं. सलिल वर्षातून एकदा रागावतो आणि ते काम नीट करतो. मी कारखान्याच्या दवाखान्यातली माझ्या जन्माची चिठ्ठी घेतली, जी आईने प्लॅस्टिकमध्ये घालून जपली होती, आणि विश्वजीतच्या घरी गेलो. तोही कोथरूडलाच राहतो, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. रस्त्यात भेटलो की आम्ही एकमेकांना "काय, बरं?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो.

"या गजभिये," तो म्हणाला. "पाणी घेणार, की लगेच जाणार?"

मी पाणी घेतलं. त्याच्या बाल्कनीच्या भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीला, रंग उडून एक गोल पडला होता. तिथलं प्लास्टरही खरवडल्यासारखं झालं होतं. त्याकडे बघत मी सगळं सांगितलं आणि चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

विश्वजीतने चष्मा लावून ती दोनदा वाचली. "म्हणजे त्या फायनलला तुम्ही सोळा वर्षांचे होता."

"हो."

"मी पंधराला दोन महिने कमी होतो. वजन बत्तीस किलो." त्याने चिठ्ठी परत माझ्याकडे सरकवली. "घरी जाताना स्कूटरवर वडील म्हणाले, बॅकहँड नाही तुला, म्हणून हरलास. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोनशे बॅकहँड. ती भिंत बघताय ना? याआधीच्या घरातही अशीच एक होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा मारले. मुलगी झाली त्या दिवशी दीडशेच झाले, हॉस्पिटलमधून फोन आला."

मी चिठ्ठी खिशात ठेवली.

"तर तुमचं म्हणणं असं," विश्वजीत म्हणाला, "की माझा बॅकहँड ठीक होता."

"त्या वयाच्या मानाने चांगलाच होता," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

तो उठून बाल्कनीत गेला आणि भिंतीच्या त्या गोलाकडे पाठ करून उभा राहिला. मला मात्र जन्मात कधी इतकी लाज वाटली नव्हती. वडिलांनी घेतलेली दोन वर्षं कुठून आली होती हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. ती काही आकाशातून आली नव्हती.

तो परत आला तेव्हा हातात नियमांचं पुस्तक होतं. "माफीचं मी विचार करून कळवीन. अर्जाचं आत्ता सांगतो. नियम सहा. वयाचा पुरावा म्हणून आधार किंवा पासपोर्ट. दवाखान्याची चिठ्ठी त्यात बसत नाही."

"पण ती खरी आहे!"

"मला मान्य आहे. तुम्ही एकसष्ट वर्षांचे आहात हे मला शंभर टक्के मान्य आहे. आधारला मान्य नाही."

"मग आधारवरची तारीख बदलून घेतो."

"जरूर घ्या. आधी जन्मदाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग शाळेचा दाखला, तो ज्या शाळेने खोटा दिला तिनेच दुरुस्त करून द्यायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत होईल. तोवर तुम्हाला खोट्या तारखेनेसुद्धा साठ पूर्ण होतील." त्याने पुस्तक मिटलं. "खरं बोलून तुमचा काही फायदा झाला नाही, गजभिये. वाईट वाटतं."

मी दारापर्यंत गेलो आणि विचारलं, "आणि सलिलचं काय?"

"सलिलला जोडीदार लागेल," विश्वजीत म्हणाला. "मी मोकळा आहे."

दोन दिवसांनी यादी लागली. साठीवरील पुरुष दुहेरी, सलिल घाटपांडे आणि विश्वजीत बेहेरे. मी ती यादी फोनवर मोठी करून बघितली, की आणखी कोणी सलिल घाटपांडे असेल. नव्हता. पंचावन्नच्या गटात आम्ही दोघं एकत्र खेळू शकलो असतो, मोठ्यांनी लहानांत खेळायला नियमाची आडकाठी नाही. ते सांगायला मी त्याला फोन केला. त्याने उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा त्याच्या बायकोने उचलला आणि ते सरावाला गेलेत म्हणाली. संध्याकाळच्या सरावाला! माझ्याबरोबर तो सकाळीसुद्धा कुरकुरत यायचा.

बायको दुसऱ्याबरोबर सिनेमाला गेली असती तर मला जेवढं लागलं नसतं तेवढं हे लागलं. हे मी राधाला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

फायनलच्या दिवशी तिनेच मला ओढून नेलं. तिसऱ्या रांगेत बसलो. लोक आधी राधाच्या केसांकडे बघायचे, मग माझ्याकडे. समोर मांजरी गावातल्या साखर संस्थेतून निवृत्त झालेले दोन शास्त्रज्ञ होते, दोघेही काटक, उसासारखे सरळ. आमचे दोघे, म्हणजे आता आमचे कसले, कोर्टवर आले. मी सवयीने सलिलला मागच्या बाजूला शोधलं. तो तिथे नव्हता. विश्वजीत त्याच्या कानात काहीतरी म्हणाला, स्वतः मागे गेला आणि सलिलला हाताने जाळीपाशी ढकललं.

इतकी साधी गोष्ट! साठीच्या माणसाचे गुडघे दुखतात, त्याला पुढे उभं करावं. पंचेचाळीस वर्षांत ते मला एकदाही सुचलं नव्हतं.

सलिल पुढे सुंदर खेळला. जाळीवरून असे अलगद फटके टाकले की लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या टाळीला त्याने मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणासाठी आहे का ते. आणि मागे विश्वजीतचा तो बॅकहँड! मी जगातले मोठे मोठे खेळाडू जवळून पाहिलेत, बरेचसे पहिल्या फेरीत जाळीपलीकडून पाहिलेत, पण असा बॅकहँड पाहिला नाही. पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा शास्त्रज्ञांनी. तिसऱ्यात एकोणीस-वीस. आपले मागे. मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो आणि राधाने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता.

शेवटची रॅली लांबली. लांबलेल्या रॅलीत जागा बदलतात. एक उंच शटल घ्यायला सलिल जुन्या सवयीने मागे धावला, त्यामुळे विश्वजीत पुढे आला. आणि मग शटल मधोमध आलं, जाळीपासून चार हातांवर, असं सोपं की झोपेत घ्यावं. अशा वेळी मागचा पुढच्याला हाक मारतो. सलिलने जीव खाऊन हाक मारली.

"सुद्या!"

मी उभा राहिलो आणि तिसऱ्या रांगेतून ओरडलो, "माझं!"

विश्वजीतची रॅकेट वर गेली होती. पण जोडीदार 'माझं' म्हणाला की आपण सोडायचं, हे दुहेरीत पहिल्या दिवशी शिकवतात, आणि विश्वजीत शिकवलेलं विसरणारा माणूस नाही. त्याने रॅकेट खाली घेतली आणि अदबीने बाजूला झाला. शटल त्याच्या पायाशी पडलं.

मी उभाच होतो, उजवा हात पुढे काढून. पंचांनी खुर्चीतून वाकून विचारलं, की प्रेक्षकाने व्यत्यय आणलाय, पॉइंट परत खेळवायचा का. मांजरीचे दोघे म्हणाले, आमची हरकत नाही. विश्वजीतने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"नाही," तो पंचांना म्हणाला. "आमच्या कोर्टात पडलं. आम्हीच सोडलं. पॉइंट त्यांचा."

हस्तांदोलनं झाली. विश्वजीत टॉवेलने तोंड पुसत आमच्या रांगेखाली आला. "गजभिये," तो म्हणाला, "मला हरवायची ही तुमची दुसरी वेळ. या वेळी खुर्चीत बसून." मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "माफीचं कळवतो म्हणालो होतो. राहू दे ते आता. दोन्हीचं एकदमच बघू." आणि राधाला नमस्कार करून गेला.

मी खाली उतरलो. सलिल बाकावर बसला होता, पाय पसरून. पाच आठवड्यांनी आम्ही समोरासमोर आलो होतो, आणि मला वाटलं की आता तो जे बोलेल ते शेवटचं.

"तिसऱ्या रांगेत बसून 'माझं' म्हणालास," तो म्हणाला.

"तू हाक मारलीस."

"सवयीने मारली!"

"मी पण सवयीनेच..."

"मॅच घालवलीस माझी. राज्याची फायनल. शेवटची मॅच होती माझी."

"हो," मी म्हणालो. "जानेवारीत हॉस्पिटलमध्ये मी राहीन तुझ्याबरोबर. जितके दिवस लागतील तितके."

"जानेवारी रद्द," सलिल म्हणाला. त्याने बामची बाटली माझ्या हातात दिली आणि उजवा गुडघा माझ्यापुढे केला. मी खाली बसून चोळायला लागलो. "डॉक्टरांना सांगणार आहे, पावसाळ्यानंतर बघू. जुलैत सांगलीला स्पर्धा आहे साठीची. तोवर तुझी आधारप्रमाणे साठ होतायत."

"पण तुझे हे गुडघे तोवर टिकतील का?"

"न टिकायला काय झालं? मी पुढे उभा राहणार आहे," सलिल म्हणाला. "मागे पळायचंय तुला."